उसाच्या फडातील शोध : दृश्य व अवरक्त कॅमेऱ्यांची जोडी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले व संगमनेर ह्या तालुक्यांत बिबट्या हा आता केवळ डोंगरातील प्राणी राहिलेला नाही. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज व पिंपळगाव जोगे ह्या धरणांचे पाणी शेतात आले आणि उसाचे क्षेत्र वाढले. दाट, सावलीचा, बारमाही ओलावा असलेला ऊस बिबट्याला आसरा म्हणून पसंत पडला. वस्तीजवळची कुत्री, शेळ्या, वासरे व डुकरे हे त्याचे भक्ष्य झाले. मादी उसातच विते आणि तिची पिले उसातच वाढतात. रात्री दारे धरावयास जाणारा शेतकरी, फडाच्या कडेला कोप्यांत राहणारे ऊसतोड कामगार आणि त्यांची लहान मुले ह्यांच्या जिवाशी हा प्रश्न निगडित झाला आहे.

अशा ठिकाणी बिबट्या नेमका कोठे आहे हे माणसांनी फडात न शिरता कळले, तर पुष्कळ अनर्थ टळू शकतो. ह्याच हेतूने ड्रोनवर बसविलेले औष्णिक कॅमेरे वनविभाग अलीकडील वर्षांत वापरू लागला असून जुन्नर वनविभागातही त्यांचा उपयोग झालेला आहे. गावात ड्रोन आला म्हणजे लोकांच्या अपेक्षा फार वाढतात. ‘यंत्राला उसाच्या आतले दिसते’ अशी समजूत पसरते आणि ‘काही दिसले नाही’ असे ऐकताच लोक निर्धास्तपणे फडात उतरतात. ही समजूत चुकीची असून धोक्याचीही आहे. ह्या यंत्राला काय दिसते, काय दिसत नाही आणि दोन प्रकारचे कॅमेरे एकत्र का वापरावे लागतात, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अवरक्त किरण म्हणजे काय?

चुलीवर तवा ठेवला म्हणजे तो लाल होण्याच्या पुष्कळ आधी, त्यावर तळहात धरला असता, धग जाणवते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तव्यातून किरण बाहेर पडत असतात. हेच अवरक्त किरण होत. सर विल्यम हर्षेल ह्या ज्योतिर्विदाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले व निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना प्रकाश दिसत नव्हता, तेथेही तापमापकातील पारा चढलेला त्याला आढळला. ह्या प्रयोगातून अवरक्त किरणांचा शोध लागला.

माणसाच्या डोळ्यांना सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यापुढील लहरी अवरक्त होत. त्यांचे दोन प्रकार शेतकऱ्याने ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार निकट-अवरक्त किरणांचा. दूरदर्शन संचाच्या रिमोटमधून आणि रात्री चालणाऱ्या सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या बारीक दिव्यांतून हे किरण निघतात. साध्या कॅमेऱ्याचा गाळणीकाच काढला तर त्यालाही ते दिसतात. मात्र त्यासाठी सूर्य किंवा दिवा लागतो, कारण थंड वस्तू हे किरण स्वतः सोडीत नाहीत; त्या केवळ परावर्तित करतात.

दुसरा प्रकार औष्णिक किरणांचा, म्हणजे सुमारे ८ ते १४ मायक्रॉनच्या लांब लहरींचा. दगड, पाणी, पाने, जनावरे, माणसे ही सर्व आपापल्या तापमानानुसार हे किरण अहोरात्र सोडीत असतात. त्यांना दिव्याची गरज नसते. औष्णिक कॅमेरा हेच किरण टिपतो, आणि म्हणूनच अमावास्येच्या रात्रीही त्याला प्राणी दिसतो. साधी काच ह्या लहरींना अडविते. त्यामुळे त्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे करतात, आणि त्यामुळे कॅमेऱ्याची किंमतही वाढते.

प्रत्येकाचा गुण व प्रत्येकाची उणीव

दृश्य कॅमेरा वस्तूचा आकार, रंग व बारकावा स्पष्ट दाखवितो. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी प्रत्येक जनावरात वेगळी असते आणि तीवरून एक बिबट्या दुसऱ्यापासून ओळखता येतो. औष्णिक चित्रात ही नक्षी जवळजवळ नाहीशी होते, कारण ठिपका आणि त्याभोवतालचे केस ह्यांचे तापमान सारखेच असते. तेथे दिसतो तो फक्त एक उजळ आकार.

दृश्य कॅमेऱ्याला प्रकाश हवा. पहाटेच्या अंधूक उजेडात, धुक्यात किंवा समोरून ऊन येत असता त्याचे चित्र बिघडते. उसाच्या कडेची गडद सावली आणि बांधावरील लख्ख ऊन एकाच चित्रात आले, तर सावलीतील भाग नुसता काळा दिसतो. पिवळसर वाळलेल्या पाचटात बसलेला बिबट्या भर दिवसाही नजरेस पडत नाही.

औष्णिक कॅमेऱ्याला सावली व रंग ह्यांची बाधा होत नाही. परंतु त्याच्या चित्राचे कण मोठे असतात. ड्रोनवरील चांगल्या औष्णिक कॅमेऱ्याचे चित्र बहुधा ६४० गुणिले ५१२ बिंदूंचे असते, तर त्याच ड्रोनवरील दृश्य कॅमेऱ्याच्या चित्रात एक कोटीहून अधिक बिंदू असू शकतात. अशा एखाद्या कॅमेऱ्याने ६० मीटर उंचीवरून पाहिले असता औष्णिक चित्रातील एक बिंदू जमिनीवरील सुमारे साडेपाच सेंटिमीटर भाग व्यापतो आणि दृश्य चित्रातील एक बिंदू सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर. सव्वा मीटर लांबीचे जनावर औष्णिक चित्रात वीस-बावीस बिंदूंचे दिसेल. उंची दुप्पट केली, तर ते दहा-अकरा बिंदूंवर येईल. मग ते कुत्रे, तरस की बिबट्या, हे आकारावरून सांगणे कठीण होते.

उष्णतेचेही फसवे क्षण असतात

औष्णिक कॅमेऱ्याला प्राणी दिसतो तो प्राणी गरम असतो म्हणून नव्हे. भोवतालापेक्षा अधिक गरम किंवा अधिक थंड असतो म्हणून दिसतो. हा फरक नाहीसा झाला की प्राणीही चित्रातून नाहीसा होतो. सकाळी ऊन चढू लागले म्हणजे जमीन तापत जाते आणि एका वेळी तिचे तापमान जनावराच्या केसांच्या पृष्ठभागाइतके होते. सायंकाळी जमीन निवत असताना पुन्हा तशीच वेळ येते. ह्या दोन्ही वेळी औष्णिक चित्र फिके पडते. उन्हाळ्याच्या दुपारी तर उघडी जमीन जनावराहून कितीतरी अधिक तापलेली असते. अशा चित्रात गरम ठिपके शोधू जाता सगळे शेतच गरम दिसते.

दख्खनच्या शेतांत आणखी एक अडचण आहे. काळा पाषाण दिवसभराचे ऊन साठवून ठेवतो आणि रात्रीचा बराच वेळ गरम राहतो. बांधावरील धोंडे चित्रात निजलेल्या जनावरांसारखे दिसतात. उकिरडा कुजताना आतून तापतो, म्हणून शेणखताचा ढीगही उजळ दिसतो. नुकतीच बंद केलेली विहिरीवरील मोटार, विजेचा रोहित्र-खांब, विझलेली शेकोटी हेही तसेच फसवितात. उलट, गोठ्यावरचा चकचकीत पत्रा रात्री काळाशार व थंड दिसतो, कारण तो स्वतःची उष्णता फारशी सोडीत नाही आणि थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवितो.

म्हणून औष्णिक शोधाची उत्तम वेळ म्हणजे सूर्योदयापूर्वीचा एक-दोन तासांचा काळ होय. तोपर्यंत धोंडे बरेच निवलेले असतात, जमीन थंड असते आणि जनावर वेगळे उठून दिसते. हिवाळ्यात, म्हणजे नेमके तोडणीच्या हंगामात, हा फरक अधिक असतो.

गतीमुळे होणारी गफलत

ड्रोन चालत असतो, वाऱ्याने ऊस डोलत असतो आणि जनावरही हलत असते. ह्या तिन्ही गतींचा दोन्ही कॅमेऱ्यांवर वेगवेगळा परिणाम होतो.

भरपूर उजेडात दृश्य कॅमेरा आपली झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडतो. ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असला, तरी तेवढ्या वेळात तो अवघा अर्धा सेंटिमीटर सरकतो आणि चित्र रेखीव येते. पहाटेच्या अंधुकात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी ठेवावी लागली, तर तितक्या वेळात ड्रोन जवळजवळ १७ सेंटिमीटर पुढे जातो. चित्रातील प्रत्येक वस्तू तेवढी फरपटते. प्रकाश कमी आणि गती जास्त ह्या दोन अडचणी एकत्र आल्या म्हणजे दृश्य कॅमेरा निकामी होतो तो असा.

औष्णिक कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी आहे. त्यातील बारीक संवेदक-कण उष्णतेने तापतात व निवतात, आणि त्यास सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, लागतो. हा वेळ झडपेने कमी करता येत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाताना ह्या अवधीत चित्र साधारण एका बिंदूइतके फरपटते व ते चालण्यासारखे असते. वेग तिप्पट केला, तर जनावराचा उजळ आकार तीन बिंदू पसरून फिका होतो. म्हणून शोधाच्या वेळी ड्रोन हळू चालविणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

ह्याशिवाय दोन कॅमेऱ्यांच्या वेळाही जुळाव्या लागतात. काही औष्णिक कॅमेरे सेकंदाला नऊच चित्रे देतात आणि दृश्य कॅमेरा तीस. एक चित्र दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या नवव्या भागाने जुने असले, तर सेकंदाला ५ मीटर वेगात दोन्ही चित्रांतील जागा अर्ध्या मीटरहून अधिक चुकते. औष्णिक चित्रात जनावर दिसते, पण दृश्य चित्रात त्या जागी नुसते पाचट! पाहणाऱ्याला वाटते की भास झाला. वास्तविक चूक असते ती वेळेची. संशयाची जागा आढळताच ड्रोन तेथे स्थिर करावा आणि मगच दोन्ही चित्रे ताडून पाहावीत, ह्या नियमाचे कारण हे आहे.

दोन चित्रे एकत्र कशी आणतात?

पहिले काम जुळणीचे. दोन्ही कॅमेऱ्यांची भिंगे एकमेकांपासून काही सेंटिमीटर अंतरावर असतात व त्यांचा आवाका वेगवेगळा असतो. साठ मीटर उंचीवरून हे अंतर नगण्य ठरते. पण ट्रॅक्टरवर किंवा हातात धरलेल्या यंत्रातून चार-पाच मीटरवरील वस्तू पाहताना एक चित्र दुसऱ्यावर नीट बसत नाही. जुळणी करण्यासाठी चौकटींचा फलक दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरतात. कागदावर छापलेल्या काळ्यापांढऱ्या चौकटी थंडीत औष्णिक कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. तो फलक उन्हात ठेवला म्हणजे काळे घर पांढऱ्यापेक्षा अधिक तापते आणि मग चौकटी उमटतात.

जुळणी झाल्यावर चित्रे एकत्र करण्याच्या तीन रीती आहेत. पहिली साधी रीत म्हणजे दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवणे व माणसाने ताडून पाहणे. दुसऱ्या रीतीत दृश्य चित्रातील कडा, म्हणजे बांध, सरी व झाडांच्या बाह्यरेषा, औष्णिक चित्रावर काढतात. त्यामुळे उजळ ठिपका नेमक्या कोणत्या सरीत आहे हे कळते. तिसऱ्या रीतीत संगणक दोन्ही चित्रे तपासतो आणि प्रत्येकाच्या साक्षीला किती वजन द्यावयाचे हे प्रकाश पाहून ठरवितो. भर दिवसा दृश्य चित्राला अधिक वजन, रात्री औष्णिक चित्राला अधिक वजन, आणि संधिकाळी दोहोंची सांगड.

ह्या तिसऱ्या रीतीचा पाया रस्त्यावरील वाहनांसाठी झालेल्या संशोधनात घातला गेला. दक्षिण कोरियातील कायस्ट ह्या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली चालत्या मोटारीतून, दिवसा व रात्री घेतलेल्या दृश्य व औष्णिक चित्रांच्या सुमारे ९५ हजार जोड्या प्रसिद्ध केल्या. दोन्ही कॅमेऱ्यांना अगदी एकच देखावा दिसावा म्हणून त्यांनी किरण विभागणारा आरसा वापरला होता. दृश्य चित्राला औष्णिक चित्राची जोड दिल्यास पादचारी नजरेतून सुटण्याचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळून आले. रस्त्यावरील पादचारी व उसाच्या बांधावरील जनावर ह्यांत पुष्कळ अंतर आहे. परंतु एका साक्षीदाराची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

जर्मनीतील गवताच्या कुरणांचा अनुभव

शेतातील प्राणी शोधण्याच्या कामी ह्या जोडीचा सर्वांत पद्धतशीर उपयोग जर्मनीत झाला आहे. तेथे मे व जून महिन्यांत चाऱ्यासाठी गवताची कापणी होते. त्याच दिवसांत रो जातीच्या लहान हरणांची पाडसे उंच गवतात बसलेली असतात. पहिले दोन-तीन आठवडे हे पाडस धोका जाणवल्यास पळत नाही. ते जमिनीला चिकटून निश्चल राहते. कोल्ह्यापासून त्याचा त्यामुळे बचाव होतो, पण कापणी-यंत्रापासून होत नाही. कापले गेलेले पाडस मुरघासात गेल्यास विषारी जंतूंची वाढ होऊन तो खाणाऱ्या गायी दगावण्याचाही धोका असतो. म्हणजे पाडसाच्या रक्षणात गोपालकाचाही स्वार्थ आहे.

तेथील स्वयंसेवक पहाटेच, ऊन पडण्यापूर्वी, औष्णिक कॅमेऱ्याचा ड्रोन कुरणावरून ओळीने फिरवितात. उजळ ठिपका दिसला की दृश्य कॅमेऱ्याने तो पाडसाचा आहे की उंदरा-चिचुंद्रीने उकरलेल्या मातीचा, हे पाहतात. खात्री झाल्यावर एक जण जाऊन हातात गवत धरून पाडसाला उचलतो, म्हणजे त्याला माणसाचा वास लागत नाही. कापणी होईपर्यंत ते कुरणाबाहेर सुरक्षित ठेवले जाते. जर्मनीच्या केंद्र सरकारने २०२१ पासून अशा ड्रोनच्या खरेदीसाठी साहाय्य देण्यास आरंभ केला.

ह्या अनुभवातून घेण्याजोगा धडा यंत्राचा नसून शिस्तीचा आहे. कापणीची वेळ शेतकऱ्याने आदल्या दिवशी कळवावयाची, शोध पहाटे पुरा करावयाचा आणि कापणी लगेच सुरू करावयाची, हे तिन्ही साधले तरच उपयोग होतो. शोध व कापणी ह्यांत अर्धा दिवस गेला, तर रिकामे केलेले कुरण रिकामे राहीलच असे नाही. आपल्याकडील ऊसतोडीला हे तंतोतंत लागू आहे.

उसाची भिंत

जर्मनीतील गवत कमरेइतके असते आणि वरून पाहिले असता पात्यांमधून फटी राहतात. पूर्ण वाढलेला ऊस तीन-चार मीटर उंच होतो आणि त्याची पाने वर एकमेकांत गुंतून छप्पर तयार होते. औष्णिक किरण पानांतून आरपार जात नाहीत. कॅमेऱ्याला दिसते ते पानांचे तापमान. त्याखाली बसलेल्या बिबट्याचे नव्हे. पानांत जेथे फट असेल तेथूनच काय तो उजळ तुकडा डोकावतो, आणि वाऱ्याने पाने हलली की तोही क्षणात झाकला जातो.

ह्यावरून एक गोष्ट प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. ड्रोनला बिबट्या दिसला, तर तो तेथे आहे असे समजावे. पण ड्रोनला दिसला नाही, म्हणून फड रिकामा आहे असे कदापि समजू नये.

मग ह्या यंत्राचा उपयोग कोठे? फडाच्या कडा, बांध, पाट व चाऱ्या, शेतरस्ते, कोवळा खोडवा, नुकताच तोडलेला तुकडा आणि कोप्यांभोवतीचे मोकळे आवार ह्या ठिकाणी त्याचा उत्तम उपयोग होतो. बिबट्या रात्री व पहाटे ह्याच वाटांनी ये-जा करतो. तो कोणत्या फडात शिरला एवढे कळले, तरी पिंजरा कोठे लावावा आणि तोड कोणत्या दिवशी थांबवावी हे वनविभागाला ठरविता येते. वर उडणाऱ्या ड्रोनखेरीज बांधावर लावलेले स्वयंचलित कॅमेरेही ह्या कामी येतात. त्यांतील औष्णिक संवेदक जनावराच्या हालचालीने जागा होतो आणि मग कॅमेरा निकट-अवरक्त दिव्याच्या किंवा झगझगाटाच्या प्रकाशात चित्र घेतो. दृश्य व अवरक्त ह्यांच्या जोडीचे हे सर्वांत जुने व स्वस्त रूप म्हणावयास हरकत नाही.

तोडीच्या वेळी उसात पिले सापडण्याचे प्रसंगही वरचेवर घडतात. अशी पिले वनविभागामार्फत तपासून, सायंकाळी सापडल्या जागीच पेटीत ठेवली जातात आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांनी दुरून पाळत ठेवतात. मादी अंधारात येऊन त्यांना घेऊन जाते, असा जुन्नर भागातील अनुभव आहे. पिले हलविल्यास मादी त्यांच्या शोधात त्याच परिसरात फिरत राहते आणि माणसांना धोका वाढतो. म्हणून पिलांना हात लावणे, त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी करणे किंवा त्यांना घरी नेणे सर्वथा टाळावे.

पिकाची तहान ओळखण्यासाठी

हीच जोडी पिकासाठीही उपयोगी पडते. पाण्याची उणीव झाली म्हणजे पान आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, बाष्पोत्सर्जन मंदावते व पान तापते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात इड्सो व जॅक्सन ह्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली पानांच्या तापमानावरून पिकाचा जलताण मोजण्याची रीत मांडली. परंतु पीक विरळ असेल, तर औष्णिक चित्राच्या मोठ्या बिंदूत पान व तापलेली माती मिसळतात आणि पाणी पुरेसे असतानाही पीक तहानलेले दिसते. दृश्य चित्रातील हिरवा रंग पाहून केवळ पानांचेच बिंदू निवडले म्हणजे ही चूक टळते. ढग आला किंवा वाऱ्याची झुळूक आली तरी पानांचे तापमान थोड्याच वेळात बदलते. म्हणून हे मापन निरभ्र दिवशी, माध्यान्हीच्या सुमारास आणि थोडक्या वेळात उरकावे लागते. प्राण्याच्या शोधासाठी पहाट आणि पिकाच्या तहानेसाठी दुपार, हा भेद ध्यानात असावा.

गावाने काय करावे?

१. बिबट्या दिसल्यास किंवा ताजा माग आढळल्यास वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर अथवा जवळच्या वनरक्षकाला तत्काळ कळवावे. वेळ, गट क्रमांक, जनावर कोणत्या दिशेने गेले आणि सोबत पिले होती काय, हे सांगावे.

२. तोडीच्या दोन-तीन दिवस आधी शेतकरी, मुकादम व वनकर्मचारी ह्यांनी एकत्र बसून कोणता फड केव्हा तोडावयाचा हे ठरवावे. जेथे संशय असेल तेथे शोध पहाटे घ्यावा आणि तोड उजाडताच सुरू करावी.

३. शोध चालू असताना फडाभोवती गर्दी करू नये, फटाके वाजवू नयेत, मोटारींचे दिवे फडावर रोखू नयेत. गर्दीतील माणसांच्या शरीराची उष्णताही चित्रात येते आणि शोध अवघड होतो. जनावराला निघून जाण्यासाठी एक बाजू नेहमी मोकळी ठेवावी.

४. खाजगी ड्रोन असल्यास तो वनकर्मचाऱ्यांच्या सांगण्यावाचून उडवू नये. ड्रोन नियम, २०२१ अन्वये आवश्यक ती नोंदणी व परवानगी असलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनेच तो चालवावा.

५. ‘काही आढळले नाही’ असा निर्वाळा मिळाला तरी नेहमीची दक्षता सोडू नये. फडात गटाने जावे, मोठ्याने बोलत राहावे, हातात काठी व विजेरी असावी. मुलांना फडाच्या कडेला एकटे सोडू नये. शेळ्या-वासरे रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवावीत.

६. कोप्या उभारताना त्या फडाला लागून न बांधता मोकळ्या जागी, एकत्र व उजेडाच्या सोयीने बांधाव्यात. ऊसतोड कामगार बाहेरगावचे असतात. त्यांना ह्या भागातील धोक्याची माहिती पहिल्याच दिवशी द्यावी. हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपले कर्तव्य समजून करावे.

७. प्रत्येक शोधाची नोंदवही ठेवावी : दिनांक, वेळ, हवा, ड्रोनची उंची, काय दिसले, प्रत्यक्ष काय निघाले. उजळ ठिपका धोंड्याचा निघाला, तर तीही नोंद करावी. दोन-तीन हंगामांच्या नोंदींतून कोणत्या बांधावर यंत्र फसते आणि कोणत्या वाटेने जनावर येते, हे त्या गावापुरते निश्चित कळू लागते.

रात्री पाणी देण्याची पाळी येऊच नये, हा ह्या प्रश्नावरील अधिक मूलगामी उपाय होय. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी ह्या हेतूने राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. ज्या गावांत ह्या योजनेचा लाभ मिळणे शक्य आहे, त्यांनी त्यासाठी पाठपुरावा करावा. कॅमेरा जनावर दाखवील. परंतु शेतकऱ्याला अंधारात दारे धरावयास जावे लागणार नाही, तो दिवस सर्वांत सुरक्षित. तोवर पहाटेचा शोध, वेळेवर तोड आणि न दिसलेल्या जनावराविषयीची सावधगिरी ह्या तीन गोष्टी प्रत्येक ऊस-उत्पादक गावाने काटेकोरपणे पाळाव्यात.